मुलाला कुत्रा चावला : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात इंजेक्शनच्या खोलीत परिचारिका म्हणून मी बरीच वर्षं काढली. खालचे प्रश्न आईबापांनी मला त्या खोलीच्या दारात, बाजारात थांबवून, रात्री अकरा वाजता फोन करून विचारलेले आहेत. ज्यांच्या लेकराला आत्ता या घडीला चावा बसलाय, त्यांनी पहिला प्रश्न वाचून सरळ नळाकडे जावं. बाकीचं नंतर वाचता येईल.

१. सिस्टर, आत्ताच चावलाय. सगळ्यात आधी काय करू?

जखम धुवा. वाहत्या पाण्याखाली, साबण लावून, घड्याळ लावून १५ मिनिटं. अंगाचा साबण, कपड्याची वडी, जो हाताशी असेल तो चालतो. नळ नसेल तर एकानं तांब्यानं धार सोडायची, दुसऱ्यानं हलक्या हातानं साबण लावायचा. रेबीजच्या विषाणूवर चरबीचं आवरण असतं, ते साबणानं फुटतं. म्हणून हे धुणं म्हणजे निव्वळ स्वच्छता नव्हे, उपचाराचा पहिला भाग आहे.

१५ मिनिटं फार लांब वाटतात. पोर किंचाळतं, आजी म्हणते "पुरे आता", आणि बहुतेक घरांत दोन मिनिटांत हात थांबतो. थांबू नका. धुऊन झाल्यावर घरात बीटाडीन असेल तर लावा. घट्ट पट्टी बांधू नका. रक्ताची धार लागली असेल तर स्वच्छ फडकं दाबून धरा आणि १०८ ला फोन करा. जखम लहान असो वा मोठी, दवाखाना त्याच दिवशी गाठायचा.

२. आईंनी लगेच हळद-चुना भरला. चालेल ना?

नाही. हळद, चुना, मिरची, तंबाखू, तेल, माती, झाडपाला यातलं काहीही विषाणू मारत नाही. चुना आणि मिरचीनं जखम आणखी भाजते, चिघळते. आधीच लावलं असेल तर वाद घालत बसू नका, पहिल्या प्रश्नात सांगितलं तसं सगळं धुऊन काढा. मंतरलेलं पाणी, दोरा, गावच्या वैदूचं औषध यांवर घरच्यांची श्रद्धा असेल तर ते लस घेऊन आल्यावर करा. लसीऐवजी मात्र नको.

३. रक्त आलं नाही, नुसता ओरखडा आहे. तरी लस लागते का?

लागते. डॉक्टर चाव्याचे तीन वर्ग करतात, ते पालकांनाही माहीत असावेत. कुत्र्याला हात लावला, खाऊ घातलं, किंवा त्यानं धड कातडीवर चाटलं, तर तो पहिला वर्ग. यात लस लागत नाही, धुतलं की झालं. उघड्या कातडीवर दात घासले गेले, किंवा रक्त न येता ओरखडा उठला, तर दुसरा वर्ग, लस हवी. कातडी फाटून रक्त आलं, आधीच्या जखमेवर किंवा खरचटलेल्या जागी चाटलं, तोंडात किंवा डोळ्यात लाळ गेली, तर तिसरा वर्ग. त्यात लसीबरोबर सिरमही लागतं (प्रश्न ८ पाहा).

गुडघा खरचटलेलं मूल आणि तो गुडघा चाटणारा लाडका कुत्रा हे दृश्य घरोघरी दिसतं. ते तिसऱ्या वर्गात बसतं, हे ऐकून पालक थक्क होतात.

४. मुलगा म्हणतो "चावला नाही, नुसता अंगावर आला." विश्वास ठेवू का?

त्याच्यावर चिडू नका, पण अंग तपासा. कपडे पूर्ण काढून, उजेडात. पोटऱ्या, मांडीचा मागचा भाग, कुल्ले, हात, कानामागं आणि केसांत बोटं घालून डोक्याची कातडीसुद्धा. जाड पँट फाटली नसली तरी आत ओरखडा असू शकतो.

मुलं खोटं बोलतात कारण त्यांना भीती असते. इंजेक्शनची असतेच, पण "तिकडे खेळायला जाऊ नको म्हटलं होतं ना" या वाक्याची जास्त असते. माझ्या खोलीत एक नऊ वर्षांची मुलगी चाव्यानंतर पाच दिवसांनी आली होती. पोटरीवर दाताच्या दोन खुणा, वर खपली. तिनं ते लपवलं कारण कुत्र्याला दगड तिनंच मारला होता. तिची आई रडत होती आणि ती आईचे डोळे पुसत होती. त्या मुलीचा कोर्स नीट झाला, ती सुखरूप आहे. पण लक्षणं सुरू झाल्यावर रेबीजवर इलाज नाही, त्यामुळे असे लपवलेले दिवस कुणाला किती महाग पडतील हे आधी सांगता येत नाही. म्हणून चावा बसण्याआधीच, आज जेवताना, मुलांना सांगून ठेवा: कुत्रा, मांजर, माकड, कुणीही चावलं, बोचकारलं, तर घरी येऊन सांगायचं, कुणी रागावणार नाही. आणि मग खरंच रागावू नका.

५. कुठे जायचं आणि किती इंजेक्शनं घ्यावी लागतात?

प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालय, शहरात महापालिकेचा दवाखाना. सरकारी ठिकाणी लस मोफत मिळते. दोन पद्धती आहेत. सरकारीत बहुधा कातडीत देतात: ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दर खेपेला दोन्ही दंडांवर एकेक टोचणी. खासगीत बहुधा स्नायूत देतात: ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी एकेक.

इथं एक गोंधळ नेहमी होतो. "शून्य दिवस" म्हणजे चावल्याचा दिवस नव्हे, पहिली लस घेतल्याचा दिवस. सोमवारी चावला आणि बुधवारी लस घेतली, तर बुधवार शून्य, शनिवार तिसरा, पुढचा बुधवार सातवा.

लहान मुलालाही मोठ्याइतकाच डोस असतो, वजनावर तो बदलत नाही. दोन वर्षांखालच्या बाळाला स्नायूतली लस मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या बाजूला देतात. कुल्ल्यात कधीच देत नाहीत, तिथल्या चरबीत लस वाया जाते. कुणी तिथं द्यायला निघालं तर स्पष्ट नाही म्हणा.

६. सरकारी दवाखान्यात थेंबभरच लस दिली. खासगीत आख्खी बाटली देतात. फसवलं का?

नाही. कातडीत दर टोचणीला ०.१ मिलिलिटर एवढीच लस द्यायची असते, खेपेला दोन्ही मिळून ०.२. कातडीत रोगप्रतिकारक पेशी दाटीनं असतात, म्हणून थोडी लस पुरते. टोचल्यावर संत्र्याच्या सालीसारखा छोटा फुगवटा उठला की समजा लस बरोबर जागी गेली. ही पद्धत जागतिक आरोग्य संघटनेनं मान्य केलेली आहे आणि संरक्षण दोन्हींत सारखंच मिळतं. "मोफत म्हणून कमी" असा संशय घेऊन कोर्स अर्धवट सोडणारे पालक मी पाहिलेत, म्हणून हे इतकं फोडून सांगते.

७. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतात म्हणतात. मुलगी घाबरून जेवत नाहीये.

तिला सांगा, ती आता नाहीत. ती मेंढीच्या मेंदूपासून बनणारी जुनी लस होती आणि २००४ नंतर भारतात ती बंद झाली. आजची लस दंडात देतात आणि ती नेहमीच्या लसींइतकीच दुखते. मुलांना एक गोष्ट सांगितली की त्यांना धीर येतो: १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांची रेबीजची लस सगळ्यात आधी घेऊन वाचला, तो जोसेफ माइस्टर नऊ वर्षांचा मुलगा होता आणि त्याला पिसाळलेल्या कुत्र्यानं चावलं होतं.

८. सिरम म्हणजे काय? लस दिली तरी ते वेगळं कशाला?

लस घेतल्यावर शरीराला स्वतःची प्रतिपिंडं (विषाणूला अडवणारी द्रव्यं) तयार करायला साधारण आठवडा ते दोन आठवडे लागतात. खोल जखमेत विषाणू तेवढं थांबेल याची खात्री नसते. सिरम म्हणजे तयार प्रतिपिंडं, ती थेट जखमेत आणि तिच्या कडेनं टोचतात, म्हणजे विषाणू मज्जातंतूत शिरण्याआधी तिथंच अडतो. चेहरा, डोकं, मान, बोटं इथल्या चाव्यात याला फार महत्त्व आहे, कारण तिथं मज्जातंतू दाट असतात आणि चेहऱ्यापासून मेंदूचं अंतरही थोडं. लहान मुलाचं तोंड नेमकं कुत्र्याच्या तोंडाच्या उंचीला येतं, म्हणून मुलांत असे चावे जास्त दिसतात.

सिरम वजनावर मोजतात. माणसाच्या रक्तापासूनचं असेल तर किलोमागं २० युनिट, घोड्याच्या रक्तापासूनचं असेल तर ४०. म्हणजे १५ किलोच्या मुलाला अनुक्रमे ३०० किंवा ६०० युनिट. प्रयोगशाळेत बनवलेली मोनोक्लोनल प्रतिपिंडंही आता मिळतात, त्यांचा हिशोब प्रत्येक कंपनीचा वेगळा असतो. जखमा पुष्कळ असतील तर सलाईन मिसळून सिरम वाढवतात, पण एकही जखम सोडत नाहीत. जखमेत सुई घालताना मूल खूप रडतं. त्याला घट्ट धरून बसा, नजर दुसरीकडे वळवा, पण "राहू द्या" म्हणू नका.

तुमच्या गावी सिरम नसेल तर लस तिथंच लगेच सुरू करा आणि सिरमसाठी जिल्हा रुग्णालय किंवा वैद्यकीय महाविद्यालय गाठा. पहिल्या लसीपासून सातव्या दिवसापर्यंत ते देता येतं. त्यानंतर देत नाहीत, कारण तोवर शरीराची स्वतःची प्रतिपिंडं येऊ लागलेली असतात. "सिरम द्यावं लागेल का?" हे तुम्ही होऊन विचारा. गर्दीत ते राहून जाऊ शकतं.

९. शेजाऱ्यांचा पाळलेला कुत्रा आहे, त्याला लसही दिलीय. तरी घ्यायची?

हो, सुरू करायची. कुत्र्याची लस वेळेवर झाली होती का, कारखान्यापासून टोचेपर्यंत सतत थंड ठेवलेली होती का, लागू पडली का, हे कागदावरून कळत नाही. गोव्यानं कुत्र्यांचं लसीकरण चिकाटीनं केलं आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित म्हणून जाहीर झालं, तरी तिथंही चावा बसल्यावर उपचार टाळू नयेत.

लस सुरू करून कुत्र्यावर १० दिवस लक्ष ठेवा. विषाणू लाळेत उतरलेला कुत्रा साधारण १० दिवसांत आजारी पडून मरतो. दहा दिवसांनंतर तो ठणठणीत असेल तर चावताना त्याच्या लाळेत रेबीज नव्हता. मग स्नायूतला कोर्स चालू असेल तर डॉक्टर १४ व्या दिवसाचा डोस गाळून २८ व्याचा देऊ शकतात. कातडीतला कोर्स मात्र पूर्ण करायचा. कुत्रा मेला, पळाला किंवा विचित्र वागू लागला तर डॉक्टरांना लगेच कळवा. रागाच्या भरात कुत्र्याला मारू नका, मेलेल्या कुत्र्यावर लक्ष ठेवता येत नाही.

१०. माझा भाऊ अमेरिकेत असतो. त्याच्या मुलीला शेजाऱ्याचा कुत्रा चावला, डॉक्टरांनी लस न देता दहा दिवस थांबायला सांगितलं. आपल्याकडे तसं का नाही?

कारण तिथल्या कुत्र्यांमध्ये फिरणारा रेबीज त्यांनी संपवला आहे, २००७ मध्ये तशी घोषणा झाली. तिथला रेबीज मुख्यतः वटवाघूळ, रॅकून, स्कंक अशा वन्य प्राण्यांत उरला आहे. त्यामुळे माहितीतल्या निरोगी कुत्र्यासाठी थांबणं त्यांना परवडतं. आपल्याकडे माणसाला होणारा रेबीज बहुतेक वेळा कुत्र्यामुळेच होतो. इथं "आधी बघू, मग घेऊ" चालत नाही. भावाची मुलगी सुट्टीत गावी आल्यावर इथं चावा बसला, तर इथले नियम लागू.

११. कुत्रा नव्हे, पिल्लू होतं. मांजर, उंदीर, माकड यांचं काय?

पिल्लालाही रेबीज होतो, आणि कोवळ्या पिल्लाला लस मिळालेलीच नसते. दुधाचे दात सुईसारखे असतात, खूण बारीक राहते आणि सगळे हसण्यावारी नेतात. मांजर, माकड, मुंगूस, कोल्हा, लांडगा यांच्या चाव्यालाही तोच उपचार. घरातल्या उंदराच्या चाव्याला सहसा रेबीजची लस लागत नाही, तरी जखम धुवा आणि धनुर्वाताचं विचारा.

१२. गालाची जखम मोठी आहे, टाके का घालत नाहीत? मुलीचा चेहरा आहे हो.

काळजी समजते. पण लगेच टाके घातले तर सुईबरोबर विषाणू आत, मज्जातंतूंपर्यंत जाऊ शकतो. म्हणून शक्यतो टाके टाळतात. चेहऱ्यावर ते घालावेच लागले तर आधी सिरम भरून, काही तास थांबून, सैल टाके घालतात. व्रण नंतर प्लॅस्टिक सर्जन सुधारू शकतात. घाई करणाऱ्याला विचारा: "सिरम दिलं का?" खोल जखमेला प्रतिजैविकही लागतं, दिलेला कोर्स पुरा करा.

१३. ऊसतोडीला आलोय. तिसऱ्या इंजेक्शनला फड बदलला, तारीख चुकली. पहिल्यापासून घ्यायची?

नाही. जितक्या लवकर जमेल तितक्या लवकर राहिलेला डोस घ्या आणि पुढचे तेवढ्याच अंतरानं. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. कोणत्याही तालुक्यातल्या, अगदी सीमेपलीकडे कर्नाटकातल्या सरकारी दवाखान्यात कार्ड दाखवून पुढचा डोस मागता येतो. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवा, मोबाईलमध्ये फोटो काढा, मुकादमालाही एक फोटो पाठवून ठेवा. कोपीवर पाणी शिरलं तरी तारखा राहतात. २८ व्या दिवसाचा डोस सगळ्यात जास्त चुकतो, कारण तोवर जखम भरलेली असते. शक्यतो पद्धत बदलू नये, पण कातडीतली लस पुढच्या गावी नसेल तर स्नायूतली घेऊन कोर्स पुरा करणं हे अर्धवट सोडण्यापेक्षा बरं.

१४. अंडी-मटण बंद? अंघोळ? शाळा?

काही बंद नाही. पथ्य नाही, अंघोळ करा, बरं वाटत असेल तर शाळेत पाठवा. चावलेल्या मुलापासून भावंडांना धोका नसतो, बाळाला अंगावर पाजत असाल तर पाजा. हात दुखणं, बारीक ताप येणं साधारण आहे, पॅरासिटामॉल पुरतं. सिरमनंतर अर्धा तास तिथंच बसा.

१५. मुलाला दुसरा आजार आहे, औषधं चालू आहेत. लस देता येईल?

द्यायलाच हवी. रेबीजच्या लसीला कोणताही आजार आडवा येत नाही. स्टिरॉइड, कर्करोगाचे उपचार, एचआयव्ही असेल तर मात्र आधीच सांगा, अशा मुलांना दुसऱ्या वर्गाच्या चाव्यातही सिरम देतात. हिवतापाचं क्लोरोक्विन चालू असेल तर तेही सांगा, त्यानं कातडीतल्या लसीचा परिणाम कमी होतो. धनुर्वाताची लस वेळापत्रकाप्रमाणे झालीय का हे कळण्यासाठी बाळाचं लसीकरण कार्ड सोबत न्या. आणि सिरम दिलं असेल तर गोवराची लस काही काळ पुढे ढकलावी लागू शकते, बालरोगतज्ज्ञांना कागद दाखवा.

१६. गेल्या वर्षी पूर्ण कोर्स झाला. आता पुन्हा चावला.

जखम तशीच धुवा. कोर्स पूर्ण झाल्याचा कागद असेल तर ० आणि ३ व्या दिवशी दोनच डोस पुरतात, सिरम लागत नाही. कागद नसेल तर डॉक्टरांना हा पहिलाच चावा धरूनच चालावं लागतं, म्हणून कार्ड टाकू नका. चावा बसण्याआधीच घ्यायची लसही असते. वस्तीत मोकाट कुत्री फार असतील किंवा घरात कुत्रा असेल तर बालरोगतज्ज्ञांशी बोला. ती झालेली असली तरी चावल्यावरचे दोन डोस घ्यावेच लागतात.

१७. आमच्या गाईला पिसाळलेला कुत्रा चावला होता. तिचं दूध पोरांनी प्यायलंय.

उकळलेल्या दुधातून रेबीज होत नाही. कच्चं दूध पिऊ नका. गाय आजारी असेल तर तिच्या तोंडात हात घालू नका, पशुवैद्याला बोलवा. तिची लाळ मुलाच्या जखमेला लागली असेल तर ते तिसऱ्या वर्गात येतं (प्रश्न ३).

१८. कुत्र्याच्या मालकावर तक्रार करता येते का?

येते. पाळीव जनावराबाबत निष्काळजीपणा केल्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. मोकाट कुत्र्यासाठी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेकडे लेखी अर्ज द्या. चाव्याचा फोटो आणि केस पेपरची प्रत जोडा. पण हे सगळं पहिला डोस झाल्यावर. मालकाशी भांडणात संध्याकाळ घालवून दुसऱ्या दिवशी आलेले पालक मला खूप भेटले. त्याच्याशी बोलणं तुटू देऊ नका, दहा दिवस कुत्रा त्याच्याच दारात दिसायला हवा.

१९. जखम भरली, पण मूल रात्री दचकून उठतं. रस्त्यावर कुत्रा दिसला की हात सोडत नाही.

काही आठवडे असं होणं साहजिक आहे. त्याला "मोठा झालास ना" म्हणू नका, कुत्र्याजवळ ओढत नेऊ नका. झालेली गोष्ट त्याच्या शब्दांत, चित्रांत सांगू द्या, पुन्हा पुन्हा सांगितली तरी ऐका. मग हळूहळू काय करायचं ते शिकवा: कुत्रा अंगावर आला तर पळायचं नाही, झाडासारखं उभं राहायचं, डोळ्यांत बघायचं नाही. खाली पडलोच तर गोळा होऊन कान-मान झाकायची. जेवणाऱ्या, झोपलेल्या आणि पिल्लांजवळच्या कुत्र्याला छेडायचं नाही. महिनाभरानंतरही झोप, भूक, अंथरूण ओलं होणं सुधारलं नाही तर बालरोगतज्ज्ञांना सांगा.

२०. सिस्टर, दोन महिन्यांपूर्वी चावला होता. आम्ही काहीच केलं नाही. आता उशीर झाला का?

हा प्रश्न आई नेहमी हळू आवाजात विचारते. नाही, मूल बरं आहे तोवर उशीर झालेला नाही. रेबीज बहुधा एक ते तीन महिन्यांत दिसतो, क्वचित वर्षभरानंतरही. म्हणून किती दिवस गेले ते न मोजता आज चावल्यासारखाच पूर्ण उपचार सुरू करतात, तिसऱ्या वर्गाचा चावा असेल तर सिरमसह. एकच अपवाद: तोच कुत्रा चाव्यानंतर दहा दिवसांहून जास्त काळ निरोगी फिरताना तुम्ही स्वतः पाहिला असेल, तर धोका नाही. "तसाच दिसणारा" कुत्रा पाहून समाधान मानू नका.

जुन्या जखमेच्या जागी मुंग्या येणं, ताप, पाणी गिळताना घसा आवळणं, वाऱ्याची भीती, हातापायातलं बळ जाणं यातलं काही दिसलं तर थेट मोठ्या रुग्णालयात न्या. काहीच नसेल तर आज ओपीडी बंद व्हायच्या आत या. खिडकीवर कुणी "इतके दिवस काय केलं?" म्हणून रागावलं तर ऐकून घ्या, पण केस पेपर काढल्याशिवाय परत फिरू नका.